लीच लेक–कॅस काउंटी वेलनेस न्यायालय

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात लीच लेक ओजिब्वे ही आदिवासी जमात व ग्रामीण कॅस काउंटी (आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) यांनी २००६ मध्ये संयुक्तपणे सुरू केलेले न्यायालय. १९५३ च्या ‘पब्लिक लॉ २८०’ या संघीय कायद्याने येथील आदिवासी राखीव क्षेत्रावर राज्याला फौजदारी अधिकार मिळाले. त्यातून जमात व काउंटी यांच्यात दीर्घकाळ अविश्वास राहिला. मद्यपान करून वाहन चालवण्याचे गुन्हे पुन्हा पुन्हा करणारे मात्र दोन्ही समाजांत होते. म्हणून अशा गुन्हेगारांच्या खटल्यांसाठी जमातीच्या न्यायाधीश कोरी वाहवासक आणि राज्याचे जिल्हा न्यायाधीश जॉन स्मिथ एकाच न्यायासनावर शेजारी बसू लागले. आरोपी आदिवासी असो वा नसो, त्याला व्यसनमुक्ती उपचार, नियमित तपासणी व देखरेख या एकाच चाकोरीतून जावे लागते. कोणीही आपला अधिकार सोडला नाही, तो एकत्र वापरला. या प्रयोगाचे खरे मोल यातच आहे. त्याच धर्तीवर शेजारच्या इटास्का काउंटीतही असे न्यायालय उभे राहिले. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘ऑनरिंग नेशन्स’ उपक्रमाने २०१० मध्ये या सहकार्याचा गौरव केला.