कौलावरचं साल

आमच्या घराण्यात एक गोष्ट सगळेच ठामपणे सांगतात, की दापोली तालुक्यातलं आपलं घर १८६५ सालचं आहे. पुरावा? कौलावर लिहिलंय की! गेल्या शनिवार-रविवारी घराच्या दुरुस्तीचं काम बघायला गेलो, तेव्हा उतरवलेल्या कौलांच्या चवडी खळ्यात रचून ठेवल्या होत्या. त्यातलं एक उलटं करून पाहिलं. खरंच आहे, इंग्रजी अक्षरांत बासल मिशनच्या कारखान्याचं नाव आणि सोबत १८६५.

पण मंडळी, ते साल घराचं नाही. त्या कौलाचंसुद्धा नाही. ते कारखान्याचं आहे.

बासल हे स्वित्झर्लंडमधलं शहर. तिथल्या मिशनचे लोक १८३४ साली मंगळूरला आले. धर्म बदललेल्या माणसांना जातीबाहेर टाकलं जाई, त्यांचा परंपरागत धंदा सुटे. त्यांच्या हाताला काम हवं म्हणून मिशनने विणकामाचे माग घातले, छापखाना काढला आणि १८६५ साली जेप्पू इथे गेओर्ग प्लेब्स्ट याने कौलांचा कारखाना सुरू केला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती त्या कामाला उत्तम होती. एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाची कल्पना मूळची फ्रान्समधल्या अल्सेस प्रांतातल्या झिलार्दोनी बंधूंची, १८४१ ची. ती मंगळुरात रुजली आणि आपण त्याला 'मंगळुरी कौल' म्हणून मोकळे झालो!

पुढे पहिलं महायुद्ध आलं. मिशनमध्ये बरेच लोक जर्मन, म्हणून इंग्रज सरकारने त्यांचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतले आणि ते कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. म्हणजे मिशनच्या नावाचं आपलं कौल बहुधा त्या युद्धाच्या आधीचं. १८६५ आणि १९१४ यांच्या मधलं केव्हातरीचं, एवढंच त्यावरून म्हणता येतं.

मग घर? ते सुताराने दाखवलं. वाशांवर आताच्या रिपांखेरीज आणखी खिळ्यांची भोकं आहेत, खूप जवळजवळ. त्याचं म्हणणं, आधी इथे नळे असणार. नळे म्हणजे कुंभाराने चाकावर घडवलेली अर्धगोल कौलं. ती दरवर्षी पावसाआधी काढून पुन्हा बसवायची, म्हणजेच शाकारणी करायची. माकडं आणि मांजरं फिरली की पुन्हा गळती सुरू. मंगळुरी कौलाने हा त्रास खूप कमी केला. तर घर छपरापेक्षा जुनं आहे. किती, ते कौल सांगत नाही आणि मला उगाच साल ठोकून द्यायचं नाही.

भिंती जांभ्याच्या. या दगडाचं इंग्रजी नाव 'लॅटराइट' फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली छापलेल्या प्रवासवृत्तान्तातून आलं. मलबारात लोक हा दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढताना त्याने पाहिले आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव दिलं. जांभा खाणीत असताना मऊ असतो आणि वाऱ्याउन्हात कडक होत जातो. त्यामुळे आपल्या भिंतींना काहीही झालेलं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात गेलं ते छप्पर. पडवीचे वासे मोडले, अर्धी कौलं उडाली. तेव्हापासून ताडपत्रीवर चाललेलं घर आत्ता कुठे दुरुस्त होतंय.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं ज्यासाठी लिहायला घेतलं तो.

माजघराच्या डाव्या अंगाला जी बिनखिडकीची खोली आहे, ती आपण लहानपणापासून 'अडगळीची खोली' म्हणत आलो. नव्या नकाशात तिथे न्हाणीघर आहे. पुढेमागे पाहुण्यांसाठी खोल्या द्यायच्या झाल्या तर ते लागणारच. पण ती खोली अडगळीची नव्हे, ते भाताचं कोठार आहे. आपल्या घरात खोतकी होती हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा अर्थ काय, हे मात्र कुणी फारसं बोललेलं मला आठवत नाही.

रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत गावचा सारा सरकारात भरायची जबाबदारी खोताची. कुळांकडून वसूल करायचा हक्कही त्याचाच, आणि तो वंशपरंपरेने. वसुली धान्यात असे. अर्धेलीने कसणाऱ्या कुळाचं अर्धं भात खोताकडे जाई. वर वेठ, म्हणजे खोताच्या शेतावर आणि घरी फुकट राबणं. या घराचे चिरे वाहिले कुणी, याचं उत्तर त्यात असू शकतं.

ही पद्धत आपोआप गेली नाही. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ जमिनी कसायच्याच नाकारल्या. सहा वर्षं! १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्याआधी १९४८ चा कूळकायदा झाला होता आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळं कायद्याने जमिनीची मालक ठरली. आपल्याकडे हे सगळं 'कूळकायद्यात जमीन गेली' या तीन शब्दांत सांगितलं जातं. गेली कुठे? खालच्या वाडीत गेली, जिथे ती पिढ्यान् पिढ्या कसली जात होती.

सध्या आपलं काम करणारे गवंडी त्याच वाडीतले. कोठाराची भिंत ठोकून बघताना ते सहज म्हणाले, "आमचा आजा इथेच भात आणून घालायचा." आवाजात राग वगैरे काही नव्हता. मला मात्र पुढे काही बोलायला सुचलं नाही.

भावंडांपैकी दोघांच्या मनात दारावर 'खोतांचा वाडा' अशी पाटी लावायची आहे. पाहुण्यांना आवडेल, हे खरंच आहे. माझं म्हणणं एवढंच, की पाटी लावायची असेल तर कोठार पाडू नका. न्हाणीघर मागच्या पडवीत काढता येतं, गवंड्यांनी जागाही दाखवली आहे. खर्च थोडा वाढेल, माझ्या वाट्याचा मी देतो. आणि कोठाराच्या दारावर चार ओळींत लिहू या, की इथे कुणाचं भात येत असे आणि ते येणं केव्हा आणि कुणामुळे थांबलं. हे जमणार नसेल तर नुसतं आडनाव लिहा, पुरे आहे.

आत्या, दादा, आणि तिकडे परदेशातली मंडळी, सातबाऱ्यावर आपली सगळ्यांची नावं आहेत. तेव्हा मत सगळ्यांनीच द्यायचं. पावसाआधी ती भिंत पाडायची की ठेवायची, ते गवंड्यांना सांगायचं आहे. लवकर कळवा.