कुरणात भरलेली शाळा : अनुताई वाघ यांचे स्मरण

सिव्हिल लाइन्सकडून रांझी किंवा गढ्याकडे जाताना एखाद्या गल्लीच्या तोंडाशी अंगणवाडी केंद्राची पाटी दिसते. जबलपूरच्या हिंदी बोलीत हा शब्द इतका मुरला आहे की त्याच्या माहेराची चौकशी कोणी करीत नाही. ते माहेर आहे डहाणू तालुक्यात, अरबी समुद्राच्या काठी वसलेल्या बोर्डी या गावी. ताराबाई मोडक यांनी तेथे या कल्पनेला नाव व रूप दिले. ती कल्पना आयुष्य वेचून चालविली ती त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी. ताराबाईंच्या मोठेपणाच्या छायेत अनुताईंचे नाव पुष्कळदा दुसऱ्या ओळीत राहिले. येथे ते पहिल्या ओळीत घेतले आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावी झाला. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला स्वयंपाकघराचा कोपरा यायचा. अनुताईंनी शिकण्याचा हट्ट धरला. १९२९ साली पुण्यात त्यांचे अध्यापन-प्रशिक्षण पूर्ण झाले. नाशिक जिल्ह्यातील चांदोरी येथे काही काळ शिकविल्यावर त्या पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. दिवसा नोकरी आणि रात्रशाळेत अभ्यास, असे करीत १९३७ मध्ये त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. पदवी मिळाली ती १९६१ साली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी.

कस्तुरबांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने जो राष्ट्रीय स्मारक निधी उभा राहिला, त्यातून खेड्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तयार करण्यासाठी शिबिरे भरत असत. १९४५ मध्ये बोरिवलीच्या अशाच एका शिबिरात अनुताईंची ताराबाईंशी भेट झाली. ताराबाई त्या वेळी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू करण्याच्या विचारात होत्या. पुण्यातील प्रतिष्ठित शाळेची स्थिर नोकरी सोडून, पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या अनुताई त्यांच्याबरोबर निघाल्या. स्वयंसेवा म्हणजे सुटीतील चार दिवस, असा आज आपला समज असतो. ही स्वयंसेवा सत्तेचाळीस वर्षे चालली.

बोर्डीत अडचण निराळीच निघाली. शाळा होती, शिक्षिका होत्या, पण आदिवासी मुले येईनात. त्याच वर्षी त्या टापूत वारली शेतकऱ्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. पोट आणि मजुरी यांच्या ओढाताणीत मुलाला शाळेत बसवून ठेवणे कोणत्याही घराला परवडणारे नव्हते. लहान मुले धाकट्या भावंडांना सांभाळीत, मोठी गुरे राखीत. तेव्हा मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे ठरले. पाड्यावरच्या अंगणात अंगणवाडी भरू लागली. मुलांना गोळा करायचे, न्हाऊ घालायचे, नखे कापायची आणि मग गाणी, गोष्टी, खेळ.

गुराख्यांसाठी तर शाळा थेट कुरणात गेली. हिला ‘कुरणशाळा’ म्हणत. गुरे चरत असत आणि शिक्षक मुलांमध्ये बसत. खडे व बिया मोजून अंकगणित होई. पाने, पाखरे आणि ऋतू हेच विज्ञानाचे पुस्तक. या पद्धतीतील खरी क्रांती साधनांच्या स्वस्ताईत नव्हती. कोणत्या झाडाला केव्हा मोहोर येतो आणि कोणते कंद खावेत हे ठाऊक असलेल्या मुलाला वर्गात ‘ढ’ ठरविले जाते, हा अन्याय तेथे संपत होता. मुलाला आधीच जे येत होते, तेथूनच धडा सुरू होई. आमच्या मंडला-डिंडोरीकडच्या गोंड व बैगा मुलांना ओळखणाऱ्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्याने बाळाला कडेवर घेतलेल्या थोरल्या बहिणीलाही शिकता येऊ लागले. ही व्यवस्था वरकरणी साधी दिसते. मुलींच्या शाळागळतीवर याहून नेमका उपाय मात्र क्वचितच कोणी सुचविला असेल. अनुताईंनी तेथे बालसेविका घडविल्या, ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन केले आणि ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिले.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये ताराबाई गेल्या आणि सर्व भार अनुताईंवर आला. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांतून सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नाव गेले, त्यामागचे अंगण सगळीकडे गेले नाही. शहरांतील कितीतरी केंद्रे आज एका भाड्याच्या खोलीत भरतात. मुलांना बिया वेचायला झाडच नसते.

१९८२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अनुताईंनी रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ संस्था उभारली. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. ‘ग्राममंगल’चे काम डहाणू तालुक्यातील ऐने येथे पुढच्या पिढीने चालू ठेवले.