मास्तर घोडा



स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिही" असा निरोप आला तेव्हा हसूच आलं. सनावळ्यांत हमखास मार्क घालवणारी मी, पुढे इंजिनिअर होऊन संगणकात रमले. पण गेल्या वर्षी एका घोड्याच्या निमित्ताने इतिहास स्वतःच घरी आला.

नोकरीमुळे आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो. लेक घोडेस्वारी शिकते, त्यातही ड्रेसाज. यात स्वाराच्या अगदी बारीक इशाऱ्यांवर घोडा ठरलेल्या चाली डौलात करून दाखवतो. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघांनी यात सांघिक सुवर्णपदक जिंकलं. त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. तेव्हापासून घरात एकच धोशा, "आई, मला माझा स्वतःचा घोडा हवा!"

घोड्यातलं मला काही कळत नाही, म्हणून वाचायला बसले. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिलं. त्याची सुरुवातच घोडा विकत घेताना फसू नये म्हणून काय पाहावं, इथून होते. तो म्हणतो, आधी पाय बघा, खूर बघा. पाया कच्चा असेल तर वरचं घर देखणं असून काय उपयोग? पुढे तो हेही बजावतो, की जबरदस्तीने करवून घेतलेलं घोड्याला उमजत नाही आणि ते सुंदरही दिसत नाही.

अलीकडच्या काळातले दोन व्यवहारही वाचनात आले. टोटिलास या काळ्या डच घोड्याने स्वार एडवर्ड गालसोबत 2010 च्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदकं मिळवली. त्याच वर्षी तो जर्मनीला विकला गेला. किंमत जाहीर झाली नाही, पण एक कोटी युरो किंवा त्याहून जास्त असल्याचं छापून आलं. नवा स्वार आला. मग कधी दुखापत, कधी स्वाराचं आजारपण. या जोडीला ऑलिंपिक लाभलंच नाही आणि 2015 मध्ये टोटिलास निवृत्त झाला. उलट कार्ल हेस्टरने व्हॅलेग्रो घेतला तेव्हा तो दोन वर्षांचा शिंगरू होता आणि किंमत काही हजारांतच होती. हेस्टरच्या तबेल्यात शिकायला आलेल्या शार्लट डुजार्डिनने वर्षानुवर्षं त्याच्यावर मेहनत घेतली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघांनी दोन सुवर्णपदकं जिंकली. घोडा विकत घेता येतो, जोडी घेता येत नाही. दुसऱ्याने बांधलेली सिस्टीम हातात आली की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही हेच कळतं.

एवढं वाचूनही मी भुललेच. सहा वर्षांचा, तुकतुकीत तपकिरी घोडा आम्हा दोघींना पाहताक्षणी आवडला. पैशांची जुळवाजुळवही झाली. व्यवहाराआधी पशुवैद्याने एकेक पाय मिनिटभर दुमडून धरला आणि सोडताच घोडा दुडक्या चालीने पळवला. पुढच्या उजव्या पायाला तो लंगडला. एक्स-रेनेही तेच सांगितलं. लेक परतीच्या वाटेवर गाडीत एक शब्द बोलली नाही. मला मात्र झेनोफन आठवत होता.

शेवटी आम्ही सोळा वर्षांचा, पाठ थोडी खाली गेलेला घोडा घेतला. स्पर्धांमधून मुरलेल्या अशा वयस्क घोड्याला इथे चक्क 'स्कूलमास्टर' म्हणतात! नवशिक्या स्वाराला तोच शिकवतो. लेकीने चुकीचा इशारा दिला की तो इमानाने चुकीचीच चाल करतो. न रागावता, न चिडता. मग तिचं तिलाच कळतं, चुकलं कुठे.

परवा ती कुरकुरली, "आई, हा माझी एकही चूक झाकत नाही गं!"

आणि मला फळ्यासमोर हातात खडू घेऊन उभी असलेली मी आठवले. गणित चुकलेलं, आणि मागे बाई शांतपणे म्हणताहेत, "पुन्हा पहिल्या पायरीपासून बघ." तेव्हा बाईंचा राग आला होता. आभार मानायचे राहून गेले, ते आज इथे मानते.