चौथ्या रांगेची कुळकथा

दुसऱ्या निजामाची बेगम हमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना दिलेल्या जमिनीवर हैदराबादचा बेगम बाजार वसला. तिथल्या भांड्यांच्या दुकानांत आज तांबं, पितळ आणि स्टील छतापर्यंत रचलेलं असतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. स्टील म्हणजे लोखंड, क्रोमियम, निकेल, आणि स्वस्तातलं असेल तर निकेल कमी करून मँगनीज. हे सहाही धातू आवर्तसारणीच्या एकाच, चौथ्या आडव्या रांगेतले. कल्हईचं कथील पाचवीतलं, ॲल्युमिनियम तिसरीतलं. एवढेच काय ते उपरे.

याच रांगेनं रसायनशास्त्रज्ञांना सगळ्यात जास्त छळलं. लंडनच्या जॉन न्यूलँड्सनं 1865 साली मूलद्रव्यं अणुभाराच्या क्रमानं मांडली, तेव्हा दर आठवं पहिल्याच्या वळणावर जाताना दिसलं. कॅल्शियमपर्यंत सप्तक सुरात लागलं. पुढं लोखंड थेट ऑक्सिजन-गंधकाच्या पंगतीला जाऊन बसलं! केमिकल सोसायटीत कुणीतरी विचारलं, वर्णानुक्रमानं लावून पाहिलीत का? टोमणा कुजकट होता, पण खोट खरीच होती.

रशियाच्या मेंडेलीफच्या 1869च्या तक्त्यात आजच्या रांगा उभ्या होत्या. 1871मध्ये त्यानं त्या आडव्या केल्या, तरी चौथी त्याला दोन ओळींत मोडावी लागली. तांबं सोडियमखाली आलं, जस्त मॅग्नेशियमखाली. त्यानं रिकाम्या ठेवलेल्या एका घरात 1879मध्ये स्वीडनच्या निल्सनला सापडलेलं स्कँडियम चपखल बसलं. अणुभारानं निकेल कोबाल्टच्या आधी यायला हवं होतं, पण गुणधर्म उलटा क्रम सांगत होते. 1913मध्ये इंग्लंडच्या मोझलीनं क्ष-किरणांनी अणुअंक, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनची संख्या, मोजले आणि कोबाल्ट 27, निकेल 28 असा निकाल लागला. दोन वर्षांनी गॅलिपोलीच्या रणात तो मारला गेला, वय अवघं 27.

मग ही रांग इतकी लांब का? पोटॅशियम आणि कॅल्शियमचे नवे इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातात. स्कँडियमपासून जस्तापर्यंत मात्र आतल्या, तिसऱ्या कवचातल्या दहा मोकळ्या जागा भरत जातात, आणि उरलेले सहा पुन्हा बाहेर. म्हणून आठाऐवजी अठरा घरं. तिसऱ्या रांगेत सोडियमपासून क्लोरीनपर्यंत पोचेतो धातूचा वायू होतो. इथं बाहेरचं कवच जवळपास तेच राहत असल्यानं मधली दहाही घरं धातूंचीच. शेजाऱ्यांचे अणूही आकारानं जवळजवळचे, त्यामुळे तांब्यात जस्त तिसऱ्या हिश्श्याइतकं सहज मुरतं. कथलाचा अणू मोठा. कथील जस्ताच्या निम्म्यानंही मुरत नाही.