पायडलची मोटार : नकाशा, किट की तयार गाडी?

आधी वाहनाचं वर्णन करतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. एक तीनचाकी डोळ्यासमोर आणा. पुढे दोन चाकं, मागे एक. आत आरामखुर्चीसारखी बैठक, जमिनीच्या अगदी जवळ. पाय पुढे पसरलेले, त्यांच्या टोकाशी पायडलं. आणि या सगळ्यावर माशाच्या आकाराचं कवच, वरच्या भोकातून फक्त डोकं बाहेर. पाऊस आला तर डोक्यावरही टोपण. इंजिन तुम्ही स्वतः. इंधन म्हणाल तर पोहे, केळी, चिक्की, जे मिळेल ते. युरोपात याला व्हेलोमोबील म्हणतात. नवी कोरी घ्यायला गेलात तर आठ-दहा हजार युरो सहज जातात, म्हणजे तिथल्या बऱ्यापैकी सेकंडहँड मोटारीचे पैसे.

किंमत ऐकली की पहिला विचार हाच येतो, की घरीच का बनवू नये? शेवटी त्यात आहे काय? सायकलची चेन, लहान चाकं आणि थोडा पत्रा! हा प्रश्न अजिबात नवा नाही. या वाहनाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की "घ्यावी की बनवावी" याला वेगवेगळ्या काळात लोकांनी दिलेली उत्तरं म्हणजेच हा इतिहास आहे.

आणि हा इतिहास सहसा एकाच वाक्यात सांगितला जातो : १९३४ साली सायकलवाल्यांच्या कमिटीने बंदी घातली आणि एक सुंदर शोध मेला. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट फार पटते. कमिटीने चांगली कल्पना मारणं हे आम्ही मीटिंगमध्ये रोज बघतो ना! गोष्ट खरी आहे. पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. का, ते सांगतो.

आधी थोडं गणित

सपाट रस्त्यावर सायकलवाल्याचा खरा शत्रू वारा. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर ताकद आठपट. अंदाजे आकडे घेऊन हिशोब केला. माणूस ७५ किलो, साधी सायकल १५ किलो, ताठ बसून ताशी ३० किमी : हवेसाठी साधारण १७५ वॅट, टायरच्या घर्षणासाठी ४५, एकूण २२० वॅट. तोच माणूस ३५ किलोच्या व्हेलोमोबीलमध्ये : हवेसाठी २८, टायरसाठी ५५, एकूण ८० वॅटच्या आसपास. २२० वॅट तासभर देताना साध्या माणसाच्या तोंडाला फेस येईल. ८० वॅट म्हणजे गप्पा मारत चालवणं.

मात्र फुकट काहीच नसतं. ५ टक्के चढावर ताशी १० किमीने जायचं तर नुसतं वजन वर उचलायला सायकलला १२५ वॅट आणि व्हेलोमोबीलला १५० वॅट लागतात, कारण २० किलो जास्तीचे. शिवाय माणूस हे इंजिन म्हणून फार भिकार. १०० वॅट काम केलं की तीनशेच्या वर वॅट उष्णता बाहेर टाकतं, आणि ती उष्णता त्या कवचात कोंडते. थोडक्यात, हे वाहन सपाट आणि थंड मुलुखातलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शार्ल मोशे आणि त्याचा मुलगा

शार्ल मोशे हा फ्रान्समधला छोट्या मोटारी बनवणारा माणूस. मुलाला, म्हणजे जॉर्जला, सायकल हवी होती. आईला भीती, की पोरगं पडेल. मग बापाने चार चाकांची पायडलवर चालणारी छोटी गाडी बनवून दिली. ती इतकी पळायची, की सायकलवरची पोरं मागे पडायची. ते बघून मोशेने मोठ्यांसाठी दोन सीटची गाडी बनवली : शेजारी शेजारी बसा, दोघांनी पायडल मारा. हीच व्हेलोकार. मोटार परवडत नाही पण सायकलवर भिजायचंही नाही, अशा लोकांसाठी.

एक अडचण होती. ही चारचाकी वेगात वळणावर उलटायला बघायची. सायकल वळताना आत झुकते, चारचाकी झुकत नाही. मोशेने व्हेलोकार जणू उभी चिरली. अर्धी ठेवली : दोन चाकं, पहुडलेला चालक. १९३२ च्या सुमाराची ही गोष्ट.

कमिटी

७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर या दुसऱ्या फळीतल्या रेसरने ही आडवी सायकल तासभर चालवली आणि ४५.०५५ किमी गेला. आधीचा विक्रम स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगचा, १९१४ सालचा, ४४.२४७ किमी. म्हणजे १९ वर्षं भल्याभल्यांना न जमलेलं काम दुसऱ्या फळीतल्या माणसाने पाठीवर पडून केलं! पुढच्याच महिन्यात मोरिस रिशार नावाच्या फ्रेंच रेसरने नेहमीच्या सायकलवर ४४.७७७ किमी केले. आता विक्रम कोणाचा?

आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९३४ साली निकाल दिला : रिशारचा. शिवाय रेसिंग सायकलची नवी व्याख्या केली. पायडलांचा दांडा जमिनीपासून किती उंच असावा, सीटच्या किती पुढे असावा, वगैरे. व्याख्येत मोशेची सायकल बसेना, म्हणून ती सायकलच नव्हे. त्याच वर्षी शार्ल मोशे वारला.

जॉर्जने काम पुढे चालू ठेवलं. ५ मार्च १९३९ रोजी फोरने कवच चढवलेल्या त्याच सायकलवर तासात ५०.५३७ किमी केले. नेहमीच्या सायकलवर ५० चा आकडा ओलांडायला १९८४ साल उजाडलं आणि इटलीचा फ्रान्सेस्को मोझर यावा लागला. मधे ४५ वर्षं!

इथपर्यंत वाचून कोणालाही कमिटीचा राग येईल. मलाही येतो. पण जरा थांबा. संघटनेने बंदी घातली ती शर्यतीत. रस्त्यावर नाही. चारचाकी व्हेलोकार घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाला कोणी अडवलं नव्हतं. व्हेलोकार बंदीनंतरही विकल्या जात होत्या, आणि त्यांचा खरा सुकाळ तर पुढेच होता.

पेट्रोल गेलं, पेट्रोल आलं

१९४० साली जर्मनांनी फ्रान्स घेतला आणि सामान्य माणसाला पेट्रोल मिळेनासं झालं. मोटारी गॅरेजात धूळ खात पडल्या. व्हेलोकारला मागणी आली ती तेव्हा. विक्रमाने न आलेले दिवस टंचाईने आले.

मग युद्ध संपलं. जॉर्ज मोशेने काय केलं माहितीये? त्याच हलक्या गाड्यांमध्ये छोटी इंजिनं बसवली. १९५० च्या दशकात मोशेची १२५ सीसीची चिमुकली मोटार फ्रान्समध्ये लायसन्सशिवाय चालवता यायची. लोकांना तीच हवी होती. पण तोवर रेनोची ४सीव्ही आणि सित्रोएनची २सीव्ही या खऱ्याखुऱ्या मोटारी बाजारात आल्या होत्या, आणि दशक संपेपर्यंत मोशेचा कारखानाही संपला.

म्हणजे बघा, पायडलची मोटार कमिटीने मारली नाही. ज्यांनी बनवली त्यांनीच, पेट्रोल मिळायला लागल्याबरोबर, पायडलं काढून टाकली. गिऱ्हाइकाचीही तक्रार नव्हती. त्याला मुळात मोटारच हवी होती, व्हेलोकार ही तडजोड होती. तडजोड म्हणून घेतलेली वस्तू, पर्याय मिळाला की जाते. साधी गोष्ट आहे.

एक लाख नकाशे

स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात वेगळाच प्रयोग झाला. तिथे गाडी नव्हे, गाडीचे नकाशे विकले गेले. गाडीचं नाव फँटम. चार चाकी, बंद, पायडलवर चालणारी. नकाशे घ्या आणि घरी बनवा. या वाहनांच्या इतिहासात सगळीकडे नोंद सापडते ती अशी, की नकाशांच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. आणि पुऱ्या झालेल्या गाड्या? फार थोड्या.

हे वाचून मला हसू आलं आणि मग वाईट वाटलं. ओपन सोर्सच्या दुनियेत वावरणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं आहे. लाख लोक डाउनलोड करतात, त्यातले हजार जण कंपाइल करून बघतात, दहा जण शेवटपर्यंत जातात. यात नकाशाचा दोष नसतो. नकाशा कागदावर सगळं सांगतो, पण दोन पुढची चाकं एकमेकांना समांतर कशी आणायची, हे हाताला सांगत नाही. ती जरा जरी फिसकटली तर टायर रस्त्यावर घासत राहतो आणि वाचवलेले सगळे वॅट तिथेच जातात. चेन कुठे वळवायची, मागचं चाक पंक्चर झालं तर कुठून काढायचं, पाणी कुठून आत येईल... प्रत्येक प्रश्न लहान. पण घरी एकटा माणूस, रविवारचा अर्धा दिवस, आणि असे पन्नास प्रश्न.

समुद्रातून काढलेली जमीन

१९७३ साली तेलाचे भाव भडकले. डेन्मार्कमध्ये त्या हिवाळ्यात रविवारी मोटारी बाहेर काढायला बंदी होती. पेट्रोल पुन्हा कधीही जाऊ शकतं, हे युरोपला कळलं. कार्ल-गेऑर्ग रासमुसेन या डॅनिश इंजिनिअरने १९८० च्या सुमारास लाइट्रा नावाची कवचवाली तीनचाकी तयार केली आणि ती एकेक करून, हाताने बनवून विकली. स्वतः वर्षानुवर्षं चालवलीही. बनवणारा माणूस रोज तीच गाडी चालवत असला की गाडीतले दोष लवकर बाहेर येतात. आमच्या धंद्यातही हेच.

पण माझ्या मते खरी कलाटणी मिळाली हॉलंडमध्ये. ड्रॉन्टन नावाचं गाव आहे, फ्लेव्होलँड प्रांतात. हा भाग म्हणजे समुद्राचा तळ. बांध घालून, पाणी उपसून १९५७ साली जमीन कोरडी केली. चढ नावालाही नाही आणि वारा मात्र अखंड. वरचं गणित आठवा! वजनाची किंमत शून्य आणि कवचाची किंमत सगळ्यात जास्त, अशी ही जागा.

इथल्या फ्लेव्होबाइकने १९९३ पासून बार्ट व्हेरहेस यांनी डिझाइन केलेली आलेवेडर विकायला घेतली. नावाचा अर्थ "सर्व हवामान". अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं, विमानासारखं रिव्हेट मारून जोडलेलं शरीर. वेगळी फ्रेमच नाही, कवच हीच फ्रेम. पुढच्या चाकांना मोटारीसारखं सस्पेन्शन. आणि मुख्य म्हणजे, ती किट म्हणूनही मिळायची. पत्रे कापलेले, भोकं पाडलेली, सुटे भाग पेटीत. तुम्ही रिव्हेट मारा.

फँटमच्या नकाशात आणि आलेवेडरच्या किटमध्ये फरक काय? अवघड काम कोणी करायचं, एवढाच. माप अचूक आणण्याचं काम कारखान्याने केलं, वेळखाऊ काम गिऱ्हाइकाने केलं. म्हणून किंमत उतरली, आणि शंभरातल्या दोघातिघांचीच नाही तर बहुतेकांची गाडी रस्त्यावर येऊ शकेल अशी सोय झाली. आणखी एक गोष्ट आपोआप झाली. ज्याने स्वतः रिव्हेट मारलेत त्याला दुरुस्ती येते. दुकानात जाऊन "भाऊ, हे काय आहे?" असं मेकॅनिकच विचारणार असेल, तर मालकाला दुरुस्ती यायलाच हवी. या वाहनाला ना गॅरेज होतं, ना स्पेअरचं दुकान. ती उणीव भरून काढली मालकांनीच.

पुढे फ्लेव्होबाइकमध्येच काम केलेल्या आलर्ट याकोब्स आणि इम्ते सायब्रान्डाय या दोघांनी ड्रॉन्टनमध्येच स्वतःची कंपनी काढली आणि २००० साली क्वेस्ट आणली. फायबरचं अंग, चेन पूर्ण झाकलेली, सगळी तयार. किट नाही. आता लोक तयार गाडीला पैसे द्यायला तयार होते, कारण आलेवेडर रोज कामावर नेणारी माणसं त्यांनी पाहिली होती. आजच्या कार्बनच्या हलक्या गाड्या याच घराण्यातल्या.

मग, घ्यावी की बनवावी?

कोणी मला विचारलंच तर मी आधी उलट विचारीन : तुला गाडी हवी आहे, की गाडी बनवायची आहे? दोन्ही इच्छा चांगल्या, पण वेगळ्या. नुसती गाडी हवी असेल आणि पैसे असतील तर तयार घ्यावी, जमल्यास जुनी, कारण आधीच्या मालकाने तिच्या खोडी शोधून ठेवलेल्या असतात. बनवायचीच असेल तर जिथे माप चुकलं की सगळंच चुकतं, ते भाग, म्हणजे पुढचा आस, स्टिअरिंग, ब्रेक, एखाद्या चालत्या गाडीचे घ्यावेत आणि वरचं कवच मनसोक्त घडवावं. कोरोप्लास्ट म्हणजे पोकळ प्लास्टिकच्या पत्र्याचं कवच अनेकांनी तयार तीनचाकीवर चढवलंय. दिसायला खोका, पण पाऊस अडतो.

आणि आपल्याकडे? उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता त्या कवचात बसून बघायची माझी तयारी नाही. घाटाचं तर नावच काढू नका. हॉलंडचं उत्तर उचलून इथे ठेवता येणार नाही. आपला प्रश्न पावसाचे चार महिने, ऊन आणि खड्डे यांचा आहे. त्याचं उत्तर कदाचित नुसतं छप्पर असेल, कदाचित बॅटरीची मदत असेल. ते शोधायला ड्रॉन्टनसारखीच एखादी जागा आणि रोज तीच गाडी चालवणारी चार माणसं लागतील.

मोशेकडे विक्रम होता, स्वीडनकडे लाखभर नकाशे होते. दोन्ही विरून गेलं. टिकलं ते ड्रॉन्टनमध्ये, जिथे बनवणारा आणि चालवणारा एकाच गावात राहत होते आणि एकमेकांची गाडी बिघडली की बघायला जात होते.