हेलिकॉप्टर वैमानिक व्हायचे आहे? प्रशिक्षण संस्था निवडताना काय तपासावे

हेलिकॉप्टर वैमानिकाच्या प्रशिक्षणावर अनेक कुटुंबांची वर्षानुवर्षांची बचत किंवा मोठे कर्ज खर्ची पडते. तरीही संस्था निवडताना बहुधा जाहिरातीतील शुल्क आणि ‘किती महिन्यांत परवाना’ एवढ्याच दोन गोष्टी पाहिल्या जातात. प्रत्यक्षात परवाना वेळेत हाती पडणे अवलंबून असते ते संस्थेकडे उड्डाणयोग्य हेलिकॉप्टर किती आणि शिक्षक किती यांवर. संस्था अडचणीत आली तर नुकसान किती होईल, हे मात्र शुल्क कोणत्या पद्धतीने भरले त्यावर ठरते.

विमानाचा परवाना चालत नाही

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुरा भागात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने जवळची उड्डाण संस्था शोधली, तर इंदूर, धुळे, शिरपूर ही नावे पुढे येतात. गोव्यातील विद्यार्थ्यापुढे बेळगाव किंवा बारामतीचे नाव येते. मात्र या ठिकाणी प्रामुख्याने विमानाचे वैमानिक घडतात. हेलिकॉप्टरचा व्यावसायिक परवाना स्वतंत्र असून त्यासाठी हेलिकॉप्टरवरील उड्डाणाचे तास लागतात. नाशिकला लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे. पण ती सैन्यदलातील अधिकाऱ्यांसाठी आहे. नागरी प्रशिक्षणासाठी बेंगळुरू येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या रोटरी विंग अकादमीसारखे मोजकेच पर्याय देशात आहेत. त्यामुळे अनेक विद्यार्थी परदेशाची वाट धरतात.

आधी वैद्यकीय तपासणी

व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे, भौतिकशास्त्र व गणित या विषयांसह बारावी उत्तीर्ण असणे आणि प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र मिळणे आवश्यक आहे. वैद्यकीय तपासणीचा निकाल हाती येण्यापूर्वी कोणत्याही संस्थेत पैसे भरू नयेत. दृष्टी, श्रवण किंवा हृदयाचा एखादा दोष नंतर उघड झाला, तर भरलेले शुल्क परत मिळेलच असे नाही.

मान्यता आणि तासांचा हिशेब

संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मान्यता आहे का आणि ती हेलिकॉप्टर प्रशिक्षणासाठी आहे का, हे दोन्ही पाहावे. डीजीसीएने २०२५ मध्ये उड्डाण संस्थांची श्रेणीवारी सुरू केली. पहिल्या यादीतील ३५ संस्थांपैकी १३ ‘ए’ आणि २२ ‘बी’ श्रेणीत होत्या. वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. केवळ मान्यता म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषानुसार हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्यासाठी १५० तासांचे उड्डाण लागते. मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात ते १०० तासांवर येते. त्यात किमान ३५ तास स्वतः मुख्य वैमानिक म्हणून आणि १० तास उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे शिक्षण अपेक्षित आहे. परदेशी परवाना घेऊन परतल्यावर भारतात डीजीसीएच्या अटी पूर्ण करून तो बदलून घ्यावा लागतो. म्हणून कमी तासांच्या स्वस्त अभ्यासक्रमात प्रवेश घेण्याआधी ते तास येथे पुरेसे ठरतात का, याची खात्री डीजीसीएच्या चालू नियमांतून करावी. दलालाच्या शब्दावर विसंबू नये.

हेलिकॉप्टर किती, शिक्षक कोण?

जगभर प्राथमिक प्रशिक्षणासाठी रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनी हेलिकॉप्टर मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. २,२०० तास किंवा १२ वर्षे झाल्यावर त्याची संपूर्ण दुरुस्ती करावी लागते. संस्थेकडे एकच हेलिकॉप्टर असेल, तर त्या काळात प्रशिक्षण थांबते आणि विद्यार्थ्याचा राहण्या-जेवणाचा खर्च मात्र सुरूच राहतो. त्याच्या एका आसनावरील वजनाची मर्यादाही सुमारे १०९ किलो आहे.

या हेलिकॉप्टरच्या हाताळणीत चूक सावरायला वेळ कमी मिळतो. म्हणूनच अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९५ मध्ये आर-२२ व आर-४४ साठी विशेष प्रशिक्षणाचा नियम केला. इंजिन बंद पडल्यावर खालून येणाऱ्या हवेने पाती फिरती ठेवून उतरण्याचे तंत्र, म्हणजे ऑटोरोटेशन, किती वेळा आणि कोणाच्या देखरेखीखाली शिकवले जाते, हे विचारावे. मागील तुकडीतील विद्यार्थ्यांना परवान्यासाठी प्रत्यक्षात किती महिने लागले, हे त्यांच्याकडूनच जाणून घ्यावे.

शुल्क एकरकमी नको

अमेरिकेतील सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही मोठी प्रशिक्षण संस्था ३ फेब्रुवारी २००८ रोजी अचानक बंद पडली आणि तिने दिवाळखोरी जाहीर केली. अडीच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण अर्धवट राहिले. अनेकांनी सुमारे ७० हजार डॉलरचे कर्ज काढून पूर्ण शुल्क आगाऊ भरले होते. परवाना मिळाला नाही, कर्ज मात्र डोक्यावर राहिले. यासाठी उड्डाणाच्या तासांनुसार टप्प्याटप्प्याने शुल्क भरण्याची आणि परताव्याची अट लेखी करारात असावी. इंधन, परीक्षा, विमा आणि जादा तासांचा खर्च त्यात धरला आहे का, हेही पाहावे.

परवान्यानंतर काय?

भारतातील नागरी हेलिकॉप्टर वैमानिकांत सैन्यदलांतून निवृत्त झालेल्यांची संख्या मोठी आहे आणि नवोदितांना त्यांच्या हजारो तासांच्या अनुभवाशी स्पर्धा करावी लागते. मुंबईतील जुहूहून समुद्रातील तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टर दोन इंजिनांची असतात. ती उडवण्यासाठी त्या प्रकाराचे वेगळे प्रशिक्षण लागते. त्यामुळे एकूण खर्चाचा अंदाज बांधताना हा पुढचा टप्पाही धरावा. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या संस्थेकडे, तिचे किती माजी विद्यार्थी सध्या कोणत्या कंपनीत उड्डाण करीत आहेत, याची यादी मागावी. यादी देण्यास टाळाटाळ झाली, तर प्रवेशाचा निर्णय थांबवलेलाच बरा.