शाळेचे वय उलटल्यानंतर

संसार अर्ध्यावर आल्यानंतर आरोग्यसेवेचे शिक्षण घेणारी बाई आपल्याला अपवाद वाटते. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. वस्तीवस्तीतली बाळंतपणे, तान्ह्या मुलांची देखभाल, लसीकरणासाठी घरोघर फिरणे, ही कामे फार मोठ्या प्रमाणावर अशाच बायकांनी केली आहेत. त्यांच्यासाठी वेळोवेळी निरनिराळी प्रशिक्षणे निघाली. काही रुजली, काही कागदावर राहिली. त्यांची तुलना केली की एक गोष्ट स्पष्ट होते. उशिरा शिकायला आलेल्या बाईचे शिक्षण तडीस जाते की नाही, हे अभ्यासक्रमाच्या लांबीपेक्षा तीन प्रश्नांवर ठरते: शिकण्याच्या काळात घर कशावर चालणार, शिकलेले लगेच हाताखालून जाणार का, आणि शिकून झाल्यावर पुढची पायरी कोणती.

पहिल्या प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले की काय होते, ते सुईणींच्या प्रशिक्षणात दिसले. 1885 साली स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी डफरिन निधी स्थापन झाला आणि 1903 साली लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभा राहिला. गावोगावच्या सुईणींना स्वच्छ बाळंतपणाचे शिक्षण देणे हा या दुसऱ्या निधीचा हेतू होता. सुईणी बहुधा वयस्क. त्यांची विद्या सासूकडून सुनेकडे आलेली आणि मिळकत बाळंतपणागणिक, रोख, धान्य किंवा लुगड्याच्या रूपात. वर्गाला जाऊन बसणे म्हणजे तेवढी कमाई बुडणे. शिवाय तिथे शिकवणाऱ्यांची भाषा आणि साधने दोन्ही परकी. अनेक सुईणी आल्या नाहीत, आलेल्या टिकल्या नाहीत, आणि अपयशाचे खापर त्यांच्या अज्ञानावर फुटले. पण पोटाचा हिशेब करणाऱ्या बाईने वर्ग सोडला, तर त्यात अडाणीपणा कसला? योजनेनेच तो हिशेब केला नव्हता.

पुण्याच्या सेवासदनाने तो केला. 1909 साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सुरू केलेल्या या संस्थेत मुलींच्या शाळेत बसण्याचे वय उलटलेल्या स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग होते. अक्षरओळखीनंतर शिक्षिका व्हावे, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यावे, की सब-असिस्टंट सर्जनचा लांबचा रस्ता धरावा, असे पर्याय त्यांच्यापुढे येत. त्यांत अनेक विधवा होत्या. त्या काळी परिचारिकेच्या कामाला पांढरपेशा घरांतून कडाडून विरोध होता. परजातीच्या रुग्णाला शिवायचे, मलमूत्र काढायचे, रात्रपाळी करायची, हे घरंदाज बाईला न शोभणारे मानले जाई. सेवासदनाने या विरोधाला केवळ व्याख्यानांनी उत्तर दिले नाही. वसतिगृह काढले, शिष्यवृत्त्या उभ्या केल्या, आणि रमाबाईंची स्वतःची प्रतिष्ठा या विद्यार्थिनींच्या पाठीशी राहिली. निर्वाहाची आणि अब्रूची अशी दुहेरी तजवीज झाल्यामुळेच एरवी सोवळ्यात कोंडलेल्या बायका रुग्णालयाच्या वॉर्डात उभ्या राहू शकल्या.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आकडे मांडले, तेव्हा साऱ्या देशात सुमारे 7,000 परिचारिका होत्या. 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर सारखे निकष आले. रुग्णाच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. मात्र निकषांबरोबर वयाची आणि शालेय शिक्षणाची अटही आली, आणि वय वाढलेल्या, कमी शिकलेल्या बाईला दार बंद झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले, तेव्हा त्यांचीही भिस्त प्रथम प्रशिक्षित नर्सबाईंवर होती. पण बाहेरून आलेल्या तरुण मुली खेड्यात राहायला तयार नसत, आणि गावकरीही त्यांचे ऐकत नसत. म्हणून गावाने निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यांत निरक्षर होत्या, दलित होत्या, टाकलेल्या होत्या. त्या जामखेडला येऊन थोडे थोडे शिकत आणि परत जाऊन ते गावात करून पाहत: गर्भवतीची तपासणी, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाची आणि क्षयाची लक्षणे ओळखणे. पुढच्या खेपेला अडचणी घेऊन येत. शिकणे आणि करणे यांत अंतरच उरले नाही, हे जामखेडचे खरे बळ होते.

यावर आक्षेप येतो की, अर्धवट शिकलेल्या हातांत रुग्णाचा जीव देणे धोक्याचे आहे. आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर पुराव्यानेच द्यायला हवे. तो पुरावा गडचिरोलीत मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापर्यंत ते शिक्षण होते. 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला. अर्थात हे काम नेमके आखलेले होते, वरून सतत देखरेख होती आणि मर्यादा ठरलेल्या होत्या. छोटे प्रशिक्षण सुरक्षित ठरते ते या अटींवर. त्या सोडल्या तर आक्षेप खराच ठरेल.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. अशी प्रशिक्षणे म्हणजे सरकारला मिळालेली स्वस्त मजुरी, असे म्हणतात. 2005 साली गावागावात आरोग्य कार्यकर्ती नेमणारी आशा योजना आली. 25 ते 45 वयाच्या, विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित, आठवी झालेल्या बाईची निवड आणि 23 दिवसांचे पहिले प्रशिक्षण, तेही टप्प्याटप्प्याने. पहिले दोन धडे इथे गिरवले गेले. तिसरा राहिला. आशाताईला आजही ‘स्वयंसेविका’ म्हणतात आणि तिला पगाराऐवजी मोबदला मिळतो. तिने एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविका, व्हायचे ठरवले, तर बारावी हवी आणि वय पस्तिशीच्या आत हवे. पंचेचाळीसपर्यंत जिला कामावर घेतो, तिला पस्तिशीनंतर वर चढू देत नाही, ही विसंगती समर्थनीय नाही. काही राज्यांनी आशांना परिचर्या शाळांत प्राधान्य दिले, पण वयाची आणि शिक्षणाची अट आड आली की त्या प्राधान्याचा उपयोग थोड्यांनाच होतो.

म्हणून मध्यम वयात या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या प्रत्येकीने प्रशिक्षण निवडताना किती महिन्यांचे आणि किती फीचे, एवढ्यावर थांबू नये. या प्रमाणपत्रावर पुढचा कोणता प्रवेश मिळतो, हे आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. धोरण ठरवणाऱ्यांनी कामाच्या अनुभवाला शैक्षणिक मोल द्यावे, नोकरीत असताना बारावी आणि एएनएम पूर्ण करण्याची सोय करावी, आणि अनुभवी आशांसाठी वयाची अट काढून टाकावी. निर्वाहाची सोय आणि कामातून शिक्षण, ही दोन उत्तरे महाराष्ट्राने स्वतः शोधली आहेत. तिसरे द्यायला आता उशीर होऊ नये.